पवनारचा परीस आणि डलहौसीचे भूत

जुनी वास्तू आणि भूत यांची सांगड लोकांच्या मनात इतकी पक्की बसलेली आहे की, एखादी पडकी गढी कोणी बांधली हे त्या गावच्या वृद्धासही पुष्कळदा सांगता येत नाही. परंतु तेथे अमावास्येच्या रात्री काय दिसते, हे शाळेत जाणारे पोरही न चुकता सांगते. सुशिक्षित मनुष्य हे ऐकून हसतो आणि इतिहासाचे पुस्तक उघडतो. आमच्या मते त्याने हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे. गोष्टीतील भूत खरे नसेल. परंतु ती गोष्ट लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या का जपून ठेविली, या प्रश्नाचे उत्तर बहुधा इतिहासातच सापडते, आणि कित्येकदा ते दप्तरात न उतरलेल्या इतिहासात सापडते.

आपल्या भाषेतील भुतांची नामावळी घेतली तरी हे ध्यानात येईल. मुंज होऊन लग्नापूर्वी गेलेला बटू तो मुंजा. बाळंतपणात प्राण गेलेली स्त्री ती हडळ. धनावर किंवा विद्येवर वासना ठेवून मेलेला ब्राह्मण तो ब्रह्मसमंध. या प्रत्येकाचे काही ना काही राहून गेलेले असते. कोणाचा संसार राहिला, कोणाचे मूल राहिले, कोणाचा ठेवा राहिला. ज्याचे सर्व काही यथास्थित पार पडले त्याचे भूत होत नाही, असा या कल्पनेचा सिद्धांत आहे. म्हणजे भूत हे एक न फिटलेले देणे आहे, आणि भुताची गोष्ट ही त्या देण्याची लोकांनी करून ठेवलेली नोंद आहे.

पुण्याच्या शनिवारवाड्याची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यास त्याच्या राहत्या वाड्यात कापून काढिले, आणि ‘काका, मला वाचवा’ ही त्याची हाक आजही तेथे ऐकू येते, असे लोक म्हणतात. रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावाच्या पदरी दोष बांधला. पण तो दोष बांधला गेला तेव्हा दोषी मनुष्यच राज्याचा धनी होता. पुढे बारभाईंनी त्यास गादीवरून दूर केले हे खरे. तथापि खुनाची शिक्षा अशी त्यास कधीच झाली नाही. निवाडा झाला आणि शासन झाले नाही, ही ती उणीव होय. वाडा १८२८ साली जळाला, त्याचे जोते तेवढे उरले, तरी हाक राहिली. न्यायसभेचे काम जेथे अर्धे राहिले, तेथे लोकांनी भुतास उभे केले, असेच म्हणावे लागते.

आता अशा वास्तूंना नवे दिवस आले आहेत. ज्या कोटांत पूर्वी शिबंदी राहत असे, त्यांत आता पाहुणे राहू लागले. आपल्याकडेही सासवडजवळचा जाधवगड आणि गोमंतकाच्या उत्तर टोकाचा तेरेखोलचा किल्ला यांत हॉटेले निघाली. युरोपात तर ही चाल फार दिवसांची आहे, आणि तेथे किल्ल्याच्या भिंती, मुदपाकखाना व शयनगृहे यांबरोबर भूत हाही हॉटेलच्या सामानाचा एक भाग होऊन बसला आहे. अशांपैकी एका किल्ल्याची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. तो आहे स्कॉटलंडात; परंतु अल्लीपूर, हिंगणघाट, देवळी या आमच्या वऱ्हाडसीमेवरच्या गावांशी त्याचा जो संबंध आहे, तो वाचकांस थोड्याच वेळात दिसेल.

एडिंबरोच्या दक्षिणेस सुमारे आठ मैलांवर साउथ एस्क नदीच्या काठी डलहौसीचा किल्ला आहे. रॅमसे घराण्याचे हे मूळ ठाणे. त्याची तळघरे तेराव्या शतकातील समजतात. तांबूस दगडाचा वाटोळा बुरूज त्यानंतरच्या काळचा आहे. १२९८ साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड फॉल्कर्कच्या लढाईस जातांना येथे उतरला होता. १४०० साली चौथ्या हेन्रीने या किल्ल्यास वेढा घातला असतां रॅमसेंनी तो लढविला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या घराण्याने येथील बिऱ्हाड हलविले, मध्यंतरी तेथे शाळा भरत असे, आणि १९७२ मध्ये किल्ल्याचे हॉटेल झाले.

या हॉटेलात कॅथरीन नावाच्या स्त्रीचे भूत फिरते, असे सांगतात. तिच्या मृत्यूचे साल १६९५ धरतात. गोष्टीचे पाठ मात्र दोन आहेत. एका पाठाप्रमाणे ती सोळा वर्षांची कुलकन्या होती. पागेतील एका तरुणावर तिचे मन बसले, आईबापांनी मोडता घातला, आणि तिने मनोऱ्यात स्वतःस कोंडून घेऊन अन्नत्याग केला. दुसऱ्या पाठाप्रमाणे ती कुलकन्या नव्हे, तर घरधन्याची प्रीतिपात्र होती, व घरधनिणीने तीस मनोऱ्यात डांबून उपाशी मारिले. पहिल्या पाठात दोष हट्टाचा, दुसऱ्यात क्रौर्याचा. परंतु उपासमार दोहोंत समान आहे. येथे रॅमसे घराण्याच्या लेखी इतिहासातील एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. १३४२ मध्ये या घराण्याचा नामांकित वीर सर अलेक्झांडर रॅमसे यास विल्यम डग्लस नावाच्या प्रतिस्पर्ध्याने पकडून हर्मिटेजच्या कोटात कोंडले आणि अन्नावाचून मारिले. वरच्या कोठारातून फटीवाटे गळणाऱ्या धान्याच्या दाण्यांवर तो सतरा दिवस जगला, असे तिकडची परंपरा सांगते. या दोन गोष्टींचे नाते सिद्ध करण्यास पुरावा नाही, आणि आम्ही ते जोडीतही नाही. एवढेच ध्यानात ठेवावे की, या घराण्याच्या खऱ्या व कल्पित अशा दोन्ही स्मृतींत मोठा अपराध म्हणून जो गणला गेला, तो अन्न तोडण्याचा होय.

याच किल्ल्यात २२ एप्रिल १८१२ रोजी जेम्स रॅमसे जन्मास आला, आणि १९ डिसेंबर १८६० रोजी तेथेच मरण पावला. १८४८ ते १८५६ या आठ वर्षांत हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल असलेला आणि सातारा, झांशी, नागपूर, अयोध्या ही राज्ये एकामागून एक खालसा करणारा लॉर्ड डलहौसी तो हाच. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. वृद्ध बाकाबाई व इतर राजस्त्रिया यांची इच्छा दत्तक घेऊन गादी चालवावी अशी होती. डलहौसीने २८ जानेवारी १८५४ च्या आपल्या टिपणात ती मान्य न करितां राज्य खालसा करण्याचा अभिप्राय लिहिला, आणि त्याच वर्षी भोसल्यांचे राज्य संपले. पुढे जे झाले ते राज्य जाण्याहूनही लोकांच्या मनास अधिक लागले. राजवाड्यातील जवाहीर विक्रीकरितां कलकत्त्यास गेले. हत्ती, घोडे आणि बैल यांचा लिलाव झाला. १८६४ साली तो राजवाडाही आगीत नष्ट झाला आणि नगारखाना तेवढा मागे उरला.

खालसा करण्याच्या त्या टिपणात वारसाहक्काचा खल आहे, प्रजेच्या हिताची भाषा आहे, आणि त्याबरोबर कापसाचाही विचार आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांस चांगला कापूस हवा होता, व तो वऱ्हाडच्या खोऱ्यात आणि लगतच्या मुलखात पिकतो, हे गव्हर्नर जनरलास पक्के माहीत होते. वऱ्हाड निजामाकडून १८५३ मध्येच कंपनीच्या कारभारात आले होते. नागपूर मिळताच वर्धेच्या दोन्ही तीरांची काळी जमीन एका हाती आली. पूर्वतीरावरच्या या जमिनीचा १८६२ मध्ये नागपुरापासून वेगळा काढलेला जिल्हा तो वर्धा जिल्हा. हिंगणघाटचा कापूस इंग्लंडच्या बाजारात आपल्या गावाच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. अल्लीपूर त्याच हिंगणघाट तालुक्यातले. म्हणजे डलहौसीच्या किल्ल्यात जन्मलेल्या एका मनुष्याच्या लेखणीने आमच्या शेतांचा धनी बदलला. त्या किल्ल्यातील आख्यायिकेत मात्र हे कोठे नाही. तेथे उतरणाऱ्या पाहुण्यास कॅथरीनची गोष्ट ऐकावयास मिळते. सीताबर्डीच्या बाजारात विकलेल्या हत्तीघोड्यांची मिळत नाही. यात कोणाचा दुष्टपणा आहे असे नव्हे. ज्याचे देणे, त्याच्याच गावी त्याची नोंद राहते. तिकडची गोष्ट तिकडच्या दुःखाची आहे. आमच्या दुःखाची गोष्ट आमच्याच मुलखात शोधिली पाहिजे.

ती शोधू गेल्यास वर्धा शहरापासून पाच मैलांवर, नागपूरच्या वाटेवर, धाम नदीच्या काठी पवनार नावाचे गाव लागते. आज त्यास कोणी मोठे म्हणणार नाही; परंतु वर्धा शहर १८६६ मध्ये वसण्यापूर्वी कित्येक शतके या टापूतील मानाचे ठिकाण हेच होते. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने वसविलेले प्रवरपूर ते हेच, असे मत मांडिले. हा प्रवरसेन म्हणजे चंद्रगुप्त विक्रमादित्याची कन्या प्रभावतीगुप्ता हिचा पुत्र आणि ‘सेतुबंध’ या प्राकृत काव्याचा कर्ता म्हणून प्रसिद्ध असलेला राजा. पवनारास सापडलेल्या शिल्पपटांत रामकथेतील प्रसंग आहेत, आणि ते प्रवरसेनाने बांधविलेल्या राममंदिराचे असावेत, असा मिराशींचा तर्क होता. रामटेकजवळ मनसर येथील उत्खननानंतर प्रवरपूर तेच असे दुसरे मत पुढे आले आहे, आणि वाद मिटलेला नाही. परंतु पवनारची वस्ती फार प्राचीन आहे, याविषयी वाद नाही. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने तेथे उत्खनन केले, त्यातही हेच दिसून आले. पुढे मुसलमानी अमदानीत येथे मजबूत किल्ला होता. अकबराच्या काळच्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पवनारचे नाव आहे. नंतर किल्ला पडत गेला, वेस व तटाचे अवशेष राहिले, आणि इतिहासाची जागा पवन राजाने घेतली.

पवन राजाची गोष्ट अशी सांगतात. पवनारास पवन नावाचा राजा राज्य करीत असे. हिंगणघाटाकडील पोहणे हेही त्याच्याच सत्तेत होते. त्याच्यापाशी परीस होता. त्यामुळे तो कुणब्यांकडून रोकड सारा घेत नसे. कुणब्यांनी साऱ्याऐवजी नांगराचे लोखंडी फाळ आणून द्यावेत, राजाने त्यांस परीस लावावा, फाळाचे सोने व्हावे, आणि त्या सोन्यावर राज्याचा सर्व कारभार चालावा. असे पुष्कळ वर्षे चालले. मग राजाचा काळ भरत आला. एक मुसलमान अवलिया त्याच्यावर चालून आला. त्याच्या सिद्धीपुढे आपले चालणार नाही हे ओळखून राजाने आपल्या राणीसह धामेच्या डोहात उडी घेतली, आणि त्यानंतर तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही.

या गोष्टीत राजा रणात पडत नाही, त्याचे प्रेत सापडत नाही, त्याचा अंत्यविधी होत नाही. तो पाण्यात जातो आणि दिसेनासा होतो. आपल्याकडे डोहाच्या पाण्यात आसरांची वस्ती मानितात, पाण्याच्या तळाशी देवळे व वाडे आहेत असे समजतात, आणि तिन्हीसांजा तेथे एकट्याने जाऊ नये म्हणून मुलांस बजावितात. अशा पाण्यात लोकांनी आपला राजा नेऊन ठेविला. त्यास मारिले असते तर गोष्ट संपली असती. तो कोठेतरी आहे, आणि त्याच्याबरोबर तो परीसही आहे, अशी सोय लोककथेने करून ठेविली.

इतिहासाचा अभ्यासक विचारील की, हा पवन राजा कोण? त्याचा ताम्रपट नाही, नाणे नाही, वंशावळ नाही; पवनार या नावावरूनच पवन राजा निपजला असावा, हे उघड दिसते. हा आक्षेप आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. परीस जगात नाही, आणि तो राजाही बहुधा नव्हता. पण कथेतील एक वस्तू मात्र अगदी खरी आहे, आणि ती म्हणजे नांगराचा फाळ. सर्व गोष्टीचे मर्म तीतच आहे, असे आम्हांस वाटते.

फाळ ही कुणब्याच्या घरातील अशी वस्तू आहे की, तिच्याकडे पाहून त्याने वर्षभर काय केले हे कळते. काळ्या जमिनीत चालून तो झिजतो, बोथटतो, लोहाराच्या भात्यावर जातो, पुन्हा झिजतो. झिजलेला फाळ ही श्रमाची पावती होय. पवन राजा कुणब्यापाशी मागतो ती एवढीच पावती. तो पीक मागत नाही, रुपया मागत नाही. रुपया शेतात उगवत नाही; तो मिळविण्यासाठी माल बाजारात न्यावा लागतो, भाव पडला असला तरी विकावा लागतो, आणि भरण्याची तारीख जवळ आली म्हणजे सावकाराचा उंबरठा चढावा लागतो. या सर्व खटाटोपाचे खरे नाव लोखंडाचे सोने करणे हेच आहे. जगातील प्रत्येक सरकारने ते काम कुणब्याच्या माथी मारिले. पवनारच्या गोष्टीत मात्र कुणब्याने लोखंड द्यावयाचे आणि सोने करण्याची विद्या राजाने बाळगावयाची. राजा कशासाठी असतो, याचे इतके स्वच्छ उत्तर आम्हांस दुसऱ्या एखाद्या कथेत क्वचितच आढळले आहे.

ही एकटीच गोष्ट असती तर तिच्यावर इतका भार घालणे योग्य झाले नसते. पण याच मुलखात तिच्या बहिणी आहेत. हिंगणघाटाच्या पूर्वेकडे गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे, आणि हिंदू व मुसलमान दोघेही तेथे नवस करितात. त्या टेकडीवर जायफळासारखे वाटोळे दगड सापडतात. दोन बंजारी व्यापारी माल घेऊन चालले असतां त्यांनी फरीदबाबांची थट्टा केली, आणि पाहतात तो त्यांच्या सगळ्या मालाचे दगड झालेले. ते शरण आले तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांपासून त्यांचा माल पुन्हा करून दिला, व ते दोघे त्यांच्या सेवेत राहिले. शेजारच्या चांदा जिल्ह्यात ताडोबाच्या तळ्याविषयी असे सांगतात की, लग्नकार्यास भांडी हवी असल्यास तळ्यास विनवावे म्हणजे ती पाण्यातून वर येत. कार्य झाल्यावर परत करावी. एका अप्रामाणिक मनुष्याने ती घरी नेली, आणि तेव्हापासून तळ्याने देणे बंद केले. पवनारास राजा मागण्यात मर्यादा पाळतो आणि लोखंडाचे सोने होते. गिरडास व्यापारी उद्धटपणा करितो आणि मालाचा दगड होतो. ताडोबास घेणारा परत करीत नाही आणि देणारा हात आखडतो. देणेघेणे सचोटीने व्हावे, हाच तिन्ही कथांचा विषय आहे. आणि येथे हेही सांगितले पाहिजे की, एका कथेत अवलिया राजाचा शत्रू आहे, तर दुसरीत अवलियाच गरिबाचा वाली आहे. तेव्हा पवन राजाच्या गोष्टीस हिंदू-मुसलमानांच्या वैराची गोष्ट करून टाकणे हा तिच्यावर अन्याय होईल. लोकांचे लक्ष धर्मापेक्षा साऱ्याकडे अधिक होते.

प्रत्यक्षात सारा कसा घेतला गेला, हे आता पाहू. मध्यप्रांताच्या बंदोबस्तात इंग्रज सरकारने गावच्या पाटलांस व वसुलाच्या मक्तेदारांस जमिनीची मालकी देऊन मालगुजार केले. साऱ्याचा रोकड आकडा वर्षानुवर्षांसाठी ठरला. पाऊस कमी पडला, बोंडअळी आली, विलायतेत भाव उतरला, तरी आकडा तोच. अमेरिकेत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले, तोवर इंग्लंडास तिकडचा कापूस मिळेना, आणि इकडच्या कापसास अपूर्व भाव आला. १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचली. या काही वर्षांत आमच्या शेतांत परीस खरोखरच आल्यासारखे वाटले. परंतु युद्ध संपताच भाव खाली आला. कर्ज मात्र खाली आले नाही. कापसाचे सोने झाले ते दलालाच्या व गिरणीवाल्याच्या घरी. कुणब्याकडे झिजलेला फाळ तेवढा राहिला, आणि तो आता कोणी साऱ्यात घेत नव्हता. पवन राजाची गोष्ट या काळाहून जुनी आहे. तथापि ती या काळातही टिकून राहिली, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

पवनारच्या किल्ल्यात हॉटेल निघाले नाही. त्या गावी पाहुणे येऊ लागले ते वेगळ्याच कारणाने. धामेच्या तीरावरील एका टेकाडावर जमनालाल बजाज यांनी बंगला बांधिला होता. १९३८ मध्ये प्रकृती अगदी खालावलेले विनोबा भावे तेथे राहावयास आले, आणि धामेच्या पलीकडचे म्हणून त्या स्थानास परंधाम हे नाव मिळाले. तेथे खणतांना जुनी शिल्पे निघाली. भरत आणि राम यांच्या भेटीचे म्हणून ओळखले गेलेले शिल्प त्यांतीलच. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले भाषण विनोबांनी पवनारासच केले. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी महात्मा गांधींच्या रक्षेचा काही भाग तेथेच धामेत विसर्जित झाला. ज्या नदीत लोकांनी आपला राजा ठेविला होता, तीतच ही रक्षा पडली.

१९५० मध्ये परंधाम येथे विनोबांनी जो प्रयोग आरंभिला, त्याचे नाव कांचनमुक्ती. सोन्यापासून, म्हणजे पैशाच्या व्यवहारापासून, सुटका करून घ्यावयाची. जे खावयाचे ते आपल्या हातांनी पिकवावयाचे. आणि तेही बैलांवाचून, कुदळीने खणून. परिसाच्या गावी सोन्यास रजा मिळाली, आणि फाळाच्या गावी फाळही बाजूस ठेवण्यात आला. यापेक्षा अधिक विलक्षण योग कथाकारासही सुचला नसता. पवन राजाने कुणब्यावरचे ओझे उचलण्यासाठी लोखंडाचे सोने केले. विनोबांनी सोन्याची गरजच काढून टाकण्याचा यत्न केला. दोहोंचा प्रश्न एकच होता. पुढच्या वर्षी, ३१ मार्च १९५१ रोजी, मध्यप्रदेशातील मालगुजारी कायद्याने संपली. आणि त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १८ एप्रिल रोजी, सेवाग्रामाहून पायी निघालेल्या विनोबांस तेलंगणातील पोचमपल्ली येथे शंभर एकर जमिनीचे पहिले दान मिळाले. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला पवनारहून ते दिल्लीच्या वाटेस लागले, आणि भूदानाची यात्रा तेरा वर्षे चालली.

ही यात्रा सर्वांशी सफल झाली, असे आम्ही म्हणणार नाही. दानात आलेल्या जमिनीपैकी पुष्कळशी खडकाळ किंवा कज्ज्यात अडकलेली निघाली, आणि कांचनमुक्ती हा मूठभर व्रतस्थांचा प्रयोग राहिला. कापूस पिकविणाऱ्या कुटुंबास पैशावाचून जगता येत नाही. मालगुजार गेले, सरकार आपले झाले, जमीन महसुलाचा भार पूर्वीच्या मानाने नाममात्र झाला. तरी बी, खत, औषध आणि मजुरी यांसाठी कुणब्याने लोखंडाचे सोने करीतच राहावे, ही स्थिती पालटली नाही. कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या वार्ता विदर्भातून येऊ लागल्या, आणि २००६ मध्ये केंद्र सरकारने ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साह्य जाहीर केले, त्यांत वर्ध्याचेही नाव होते. त्या यादीत आपल्या जिल्ह्याचे नाव वाचतांना पवन राजाची गोष्ट ही मुलांस निजविण्याची गोष्ट राहत नाही.

म्हणून जुन्या वास्तूंत पाहुण्यांची सोय करणारांस आमची एक सूचना आहे. किल्ल्यात हॉटेल काढण्यास आमची हरकत नाही. पडून जाण्यापेक्षा ते बरे, निदान छप्पर शाबूत राहते आणि चार माणसांस काम मिळते. भूत सांगण्यासही हरकत नाही. परंतु भुताबरोबर त्याचे देणेही सांगावे. तसे न केल्यास भूत म्हणजे रात्रीच्या जेवणानंतरची करमणूक होते, आणि ज्या अन्यायाने त्यास जन्म दिला तो कायमचा पुसला जातो. डलहौसीच्या किल्ल्यात कॅथरीनच्या गोष्टीशेजारी नागपूरच्या लिलावाची हकीकत लिहून लावल्यास किल्ल्याची शोभा कमी होणार नाही. शनिवारवाड्यातील हाकेबरोबर रामशास्त्र्यांच्या निवाड्याचे पुढे काय झाले हे सांगितले, तर ऐकणारास भीती थोडी कमी वाटेल आणि लाज थोडी अधिक वाटेल. आणि तीच त्या कथेची योग्य फलश्रुती होय.

आमच्या घरांतून तर हे काम फारसा खर्च न करितां होण्यासारखे आहे. अल्लीपूर, पोहणे, गिरड, केळझर, पवनार या गावांच्या गोष्टी ज्यांस पाठ आहेत, अशी माणसे दिवसेंदिवस कमी होत चालली आहेत. मुलांस त्या सांगतांना ‘हे सर्व खोटे’ असे म्हणून मोकळे होऊ नये, आणि ‘हे सर्व खरे’ असेही म्हणू नये. परीस खोटा आहे, राजाही बहुधा खोटा आहे. फाळ खरा आहे, आणि तो झिजविणाऱ्याचे घेणे अजून फिटलेले नाही, असे सांगावे. धामेच्या डोहात पवन राजाचा मुक्काम आहे तो तेवढ्याचसाठी.